चहा स्वस्त झाला होता, मग बॉस्टनवाले भडकले कशाला?

मागच्या अंकात चहाची गोष्ट सांगताना मी बॉस्टन (अमेरिका ब्रिटिशांच्या वसाहती होत्या तेव्हाचं तिथलं बंदर, जिथे १७७३मध्ये कराच्या भांडणात लोकांनी कंपनीचा चहा समुद्रात फेकला) एका ओळीत उरकलं, आणि तुम्ही लोकांनी ते काही सोडलं नाही. मेलबॉक्स भरला. त्यातले पाच प्रश्न घेतलेत, बाकीचे थोड्याफार फरकाने तेच होते. आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो कारण बऱ्याच जणांचा तोच समज दिसतोय: बॉस्टनच्या समुद्रात फेकलेला चहा आसामचा नव्हता. आसामचा चहा बाजारात यायला अजून साठेक वर्षं बाकी होती. तो सगळा चीनचा माल, ईस्ट इंडिया कंपनीने कॅन्टनहून आणून लंडनच्या गोदामात रचून ठेवलेला. आपला संबंध आहे, पण वेगळ्या वाटेने, तो खाली येतोच.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक ताई): लेकीच्या शाळेचा प्रोजेक्ट म्हणून आम्ही बॉस्टनला गेलो. तिथल्या म्युझियममध्ये जहाजावरून चहाचे खोके पाण्यात फेकायला देतात, पोरांनी मस्त फेकले. पण तिथला माणूस म्हणाला की त्या वर्षी चहा उलट स्वस्त होणार होता. मग एवढा राडा कशासाठी? मुलगी विचारते आणि मला उत्तर येत नाही.

उत्तर: ताई, तो माणूस खरं बोलला. मे १७७३मध्ये लंडनच्या पार्लमेंटने जो चहाचा कायदा केला त्यात नवीन कर एकही नव्हता. आधी काय व्हायचं, कंपनीने चहा लंडनला आणायचा, तिथे लिलाव, मग तिथले व्यापारी तो अमेरिकेला पाठवणार, अमेरिकेतले व्यापारी विकणार, प्रत्येकाचा आपापला हात. नव्या कायद्याने कंपनीला थेट अमेरिकेत माल उतरवायची परवानगी मिळाली आणि इंग्लंडमधली जकात परत मिळायला लागली, म्हणजे तिकडे सर्रास चालणाऱ्या डच चोरट्या चहापेक्षाही हा स्वस्तात देता आला असता. फक्त अमेरिकेत उतरताना एका रत्तलामागे ३ पेन्स कर, तो १७६७चा जुनाच, तेवढा तसाच ठेवला. (पौंड वजनाचा की पैशाचा हा घोळ नको म्हणून आजीचं रत्तलच बरं.) पार्लमेंटमध्ये सूचना आली पण होती की हे ३ पेन्स काढून टाका, भांडणच मिटेल. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने ऐकलं नाही.

आणि सगळी गोम त्या ३ पेन्समध्येच आहे. बॉस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर राजा नेमायचा, पण त्याचा पगार वर्षानुवर्षं तिथली निवडून आलेली असेंब्ली मंजूर करायची. गव्हर्नर फार आगाऊपणा करायला लागला की असेंब्ली पगाराची फाइल दाबून बसणार, आणि मग साहेब लाइनवर येणार. ही एकच दोरी लोकांच्या हातात होती आणि ती चांगली चालत होती. १७६७च्या करांच्या कायद्यातच लिहिलेलं होतं की या पैशातून वसाहतींमधल्या गव्हर्नर-न्यायाधीशांचे पगार देता येतील, आणि १७७२मध्ये मॅसॅच्युसेट्सला कळलं की आता आपल्या गव्हर्नरचा आणि वरच्या कोर्टाच्या जजांचा पगार राजाकडून येणार, त्याच जकातीच्या पैशातून. म्हणजे चहा पिणार आम्ही, त्यावरच्या करातून पगार मिळणार गव्हर्नरला, आणि तो ऐकणार लंडनचं.

आमच्या सोसायटीत हे मी डोळ्याने पाहिलंय. मेंटेनन्स वाढला तेव्हा दोन दिवस कुरकुर झाली आणि सगळ्यांनी गपचूप भरला. पण मॅनेजरचा पगार बिल्डर परस्पर द्यायला लागला तेव्हा एरवी जनरल बॉडीला तोंडही न दाखवणारी माणसं खाली येऊन भांडली, कारण मॅनेजर आता फोन कुणाचा उचलणार हे लहान पोराला पण कळतं.

आता मुलीला सांगायला त्या रात्रीची गोष्ट. डार्टमथ नावाचं पहिलं जहाज २८ नोव्हेंबर १७७३ला बॉस्टनला लागलं. नियम असा की २० दिवसांत कर भरून माल उतरवायचा, नाहीतर कस्टमवाले जप्त करणार, आणि जप्त झाला म्हणजे विकला जाणार, विकला म्हणजे कर वसूल. लोकांचं म्हणणं, जहाज आहे तसं परत पाठवा. गव्हर्नर थॉमस हचिन्सन म्हणाला, कर भरल्याशिवाय परत जायचा परवाना मिळणार नाही. (चहाची एजन्सी ज्यांना मिळाली होती त्यात हचिन्सनची स्वतःची दोन पोरं होती, हे पण प्रोजेक्टमध्ये घाला, टीचर खूश होतील.) शेवटच्या दिवशी, १६ डिसेंबरला, ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये हजारो माणसं जमली, गव्हर्नरचा नकार आला, आणि तिथल्या मूळ रहिवाशांपैकी मोहॉक लोकांसारखं तोंड रंगवलेली माणसं गोदीकडे निघाली. तीन जहाजं, ३४२ पेट्या, तीनेक तासांत खलास. ओहोटी होती म्हणून चहा बुडेचना, कडेला ढीग लागले, दुसऱ्या दिवशी होड्या घेऊन तो खाली ढकलावा लागला. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरून न्यायचा प्रयत्न केला तर त्याला तिथेच धरून कपडे काढले. चोरी आणि निषेध यातला फरक त्यांना दाखवायचा होता, आणि तो त्यांनी दाखवला. अर्थात सगळे काही संत नव्हते. डच चोरटा चहा विकून गब्बर झालेले व्यापारी पण त्या बाजूला होते आणि स्वस्त चहाने त्यांचाच धंदा बसणार होता, हे लपवायचं कारण नाही.

आता आपला संबंध. कंपनीवर ही वेळ का आली? १७६५ला बंगालची दिवाणी (म्हणजे महसूल वसुलीचा हक्क) मिळाल्यावर लंडनमध्ये शेअर वर गेले, तिकडे कंपनीच्या लोकांनी बंगाल ओरबाडला, १७७०चा दुष्काळ पडला, माणसं लाखांनी मेली, आणि १७७२ला कंपनीच दिवाळखोरीच्या दारात. सरकारने १४ लाख पौंड कर्ज दिलं, आणि गोदामात कोट्यवधी रत्तल पडून राहिलेला चहा खपवायला अमेरिकेचं गिऱ्हाईक दिलं. फिलाडेल्फियाकडचे वकील जॉन डिकिन्सन यांनी नोव्हेंबर १७७३च्या एका पत्रकात लोकांना बजावलं होतं की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, दुष्काळात धान्य दाबून धरलं, आता ती आपल्याकडे वळलीय. बंगालमधली माणसं मेल्याची बातमी बॉस्टनच्या भांडणात पुरावा म्हणून वापरली गेली, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा कसंतरीच झालं.

प्रश्न (सांगली, निवृत्त शिक्षक): "प्रतिनिधित्व नाही तर कर नाही" हे आम्ही तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. माझी शंका अशी, की लंडनने पार्लमेंटमध्ये पाच-दहा जागा देऊन टाकल्या असत्या तर प्रश्न सुटला नसता का?

उत्तर: सर, शंका एकदम वर्मावर आहे. नसता सुटला, कारण त्यांना त्या जागा नकोच होत्या. ऑक्टोबर १७६५मध्ये नऊ वसाहतींचे लोक न्यूयॉर्कला जमले, कागदपत्रांवर कर बसवणाऱ्या स्टॅम्पच्या कायद्याविरुद्ध (तो खाली येतोय), आणि त्यांनी ठरावातच लिहून टाकलं की पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही आणि इथली परिस्थिती बघता असूही शकत नाही, सबब कर बसवायचा हक्क फक्त आमच्या इथल्या असेंब्लींचा. पाच-दहा जण पाठवून काय झालं असतं, पाचशेच्या वर खासदारांत ते कुठे दिसणार, आणि वरून लंडन म्हणणार आता तुम्ही आत आहात, भरा कर.

लंडनचं उत्तर पण ऐकण्यासारखं होतं हां. ते म्हणायचे मँचेस्टर, बर्मिंगहॅम एवढी मोठी गावं, त्यांचाही खासदार नाही, पण पार्लमेंट सगळ्या साम्राज्याचा विचार करतं. आणि त्याच वेळी ओल्ड सेरम म्हणून एक ओसाड टेकाड, तिथे माणूस राहत नाही, ते दोन खासदार पाठवत होतं. अमेरिकेतल्या माणसाला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. त्याच्याकडे प्रत्येक गावाचा, काउंटीचा माणूस असेंब्लीत बसायचा, शेजारचाच, ओळखीचा, चुकला तर दारात जाऊन जाब विचारता येणारा. व्हर्जिनियात हे १६१९पासून चालू होतं. दीडशे वर्षं.

म्हणजे सर, मुळात नाराजीची सुरुवात लाडातून झाली असं माझं मत आहे. दीडशे वर्षं लंडनने या पोरांकडे लक्षच दिलं नव्हतं. कायदे होते, व्यापार फक्त इंग्रजी जहाजांतून, अमुक माल फक्त इंग्लंडलाच, पण अंमलबजावणीच्या नावाने बोंब. मळीचंच घ्या, आपल्या साखर कारखान्यात निघते तीच. न्यू इंग्लंडवाले फ्रेंच बेटांवरून मळी आणून रम गाळायचे. त्यावर १७३३पासून गॅलनला ६ पेन्स कर होता आणि तो भरायचा कोण, कस्टमच्या माणसाला थोडं काही दिलं की काम झालं. मग १७६३ला फ्रेंचांबरोबरचं सात वर्षांचं युद्ध संपलं, ब्रिटनचं कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं ते तेरा कोटींच्या पुढे गेलं, आणि वर अमेरिकेत कायमची फौज ठेवायची ठरली. तिचा खर्च कोण देणार? १७६४ला मळीवरचा कर ६ वरून ३ पेन्सवर आणला. निम्मा केला! पण आता वसूल करणार म्हणाले, नौदल लावलं, आणि चोरट्या मालाची केस ज्युरी नसलेल्या कोर्टात, त्यातलं एक पार लांब हॅलिफॅक्सला, म्हणजे आपल्या गावातले बारा जण सोडतील ही आशा पण गेली. कर कमी झाला आणि राग वाढला, चहाच्या आधी नऊ वर्षं हाच खेळ एकदा होऊन गेला होता.

पुढच्या वर्षी स्टॅम्प. हे तर आपल्या माणसाला समजवायलाच नको, तहसीलच्या बाहेर टपरीत बसलेल्या व्हेंडरकडून ज्याने स्टॅम्प पेपर घेतलाय त्याला सगळं कळतं. करारनामा, मृत्युपत्र, दारूच्या दुकानाचं लायसन, वर्तमानपत्र, पंचांगासारखी वार्षिक पुस्तकं, एवढंच काय पत्त्यांचा जोड पण, सगळं छापाच्या कागदावर पाहिजे, पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग आणि फाशांच्या जोडीला १० शिलिंग. आणि पैसे इंग्रजी चलनात, ज्याची तिकडे आधीच टंचाई. इंग्लंडमध्ये हा कर १६९४पासून होता, तिथला माणूस एकूणच यांच्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता, त्यामुळे लंडनला वाटलं यात बोंबलण्यासारखं काय आहे. पण कर बसवला कुणावर बघा ना: वकील, छापखानेवाले आणि दारूच्या गुत्त्याचे मालक. एक बोलणारा, एक छापणारा, आणि एकाच्या दुकानात सगळा गाव संध्याकाळी बसणार! १४ ऑगस्ट १७६५ला बॉस्टनमध्ये स्टॅम्प वाटपाचा अधिकारी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला लटकवला, संध्याकाळी लोकांनी त्याचं गोदीवरचं बांधकाम पाडलं, दुसऱ्या दिवशी गडी पद सोडतो म्हणाला. १ नोव्हेंबरला कायदा सुरू व्हायचा होता तर बहुतेक ठिकाणी कागद वाटायला माणूसच शिल्लक नव्हता.

मार्च १७६६ला कायदा मागे घेतला. तिथेच थांबले असते तर? पण त्याच दिवशी दुसरा कायदा केला की वसाहतींवर वाट्टेल त्या बाबतीत कायदे करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. पोराच्या हातात चॉकलेट द्यायचं आणि वर "घराचा मालक मी आहे लक्षात ठेव" म्हणायचं, तसलं.

आणि अंतर, सर. हे पुस्तकात एका वाक्यात येतं पण मला वाटतं अर्धी गोष्ट तिथे आहे. लंडनहून मंत्री लॉर्ड डार्टमथने (वरच्या जहाजाचं नाव तेच, पण हा माणूस) बॉस्टनमधल्या ब्रिटिश फौजेच्या जनरल गेजला पत्र लिहिलं, २७ जानेवारी १७७५, की आता बळ वापरा. गेजच्या हातात पडलं १४ एप्रिलला, अकरा आठवड्यांनी. पाच दिवसांत, १९ एप्रिलला, बॉस्टनजवळ लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि युद्ध पेटलं. मग बातमी उलटी जायची. गेजने २४ तारखेला रिपोर्ट जड मालवाहू जहाजातून पाठवला. बंडवाल्यांनी चार दिवसांनी सेलमच्या जॉन डर्बीचं रिकामं, हलकं जहाज सोडलं, त्याने रिपोर्टला मागे टाकलं आणि मे संपायच्या आत लंडनमध्ये साक्षीदारांच्या जबान्या पोचवल्या. सरकारला दीडेक आठवडा सांगावं लागलं की आमच्याकडे अजून काही माहिती आलेली नाही. आपल्याच साम्राज्यात लढाई पेटली आणि ती कळते विरोधी पार्टीकडून.

प्रश्न (पुणे, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी): सर, अमेरिकेतल्या कॉलनिस्ट लोकांची अवस्था आपल्यासारखीच होती ना? १८५७शी तुलना केली तर मार्क मिळतील का?

उत्तर: मार्काचं मला विचारू नकोस बाबा, पण तुलना जपून कर. तिथले कॉलनिस्ट आपल्या जागी नव्हते, ते साहेबाच्याच जागी होते. म्हणजे कलकत्त्यातले गोरे मळेवाले आणि व्यापारी उद्या लंडनवर उठले असते तर जसं, तसं ते. त्यांची तक्रार होती की आम्ही इंग्रज असून आम्हाला इंग्रजांचे हक्क नाहीत. जिंकलेल्या माणसाची ही तक्रार नसते.

जमिनीचं बघ. १७६३मध्ये राजाने जाहीर केलं की ॲपलाचियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही, तो मुलूख मूळ रहिवाशांचा. त्याच वर्षी पाँटिॲक नावाच्या आपल्या सरदाराच्या नेतृत्वाखाली त्यांनी सीमेवरचे बरेच किल्ले घेतले होते आणि लंडनला परत युद्धाचा खर्च नको होता. आता व्हर्जिनियातले बडे लोक, जॉर्ज वॉशिंग्टन धरून, पश्चिमेच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेले, त्यांना हे झोंबलं. म्हणजे त्यांच्या गाऱ्हाण्यांत एक गाऱ्हाणं असं पण आहे की सरकार आम्हाला दुसऱ्याची जमीन घेऊ देत नाही. आणि अंदाजे २५ लाख लोकसंख्येत पाचातला एक गुलाम. नोव्हेंबर १७७५ला व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डन्मोरने जाहीर केलं की बंडवाल्यांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मोकळे, तेव्हा कुंपणावर बसलेले कितीतरी मळेवाले एका रात्रीत देशभक्त झाले. हे लिही उत्तरात.

प्रश्न (ठाणे): सरकार एकच, तर मग कॅनडा आणि जमैका का नाही उठले?

उत्तर: थोडक्यात सांगतो. क्वेबेकमध्ये फ्रेंच कॅथलिक लोक, त्यांना १७७४च्या कायद्याने धर्म आणि त्यांचे दिवाणी कायदे दिले होते, त्यांना बॉस्टनच्या कट्टर प्रोटेस्टंटांबरोबर जाऊन काय मिळणार. जमैकात मूठभर गोरे आणि प्रचंड संख्येने गुलाम, उद्या उठाव झाला तर वाचवायला ब्रिटिश आरमारच पाहिजे, शिवाय साखरेला इंग्लंडचं हक्काचं मार्केट. गाऱ्हाणी त्यांचीही होती, पण गरज जास्त होती.

प्रश्न (वाई): आमच्या शेजारी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्या काळात पुण्याला या अमेरिकेच्या भानगडीचा काही वारा लागला होता का?

उत्तर: लागला होता की. बॉस्टनला चहा बुडाला त्याच्या साडेतीन महिने आधी, ३० ऑगस्ट १७७३ला, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि लेक्सिंग्टनच्या सहाच आठवडे आधी रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. इथे अंतराचा खेळ उलटा. मुंबईवाल्यांनी कलकत्त्याला न विचारता तह करून टाकला, कलकत्त्याने तो रद्द करून मार्च १७७६ला पुरंदरचा तह केला, आणि मग लंडनहून डायरेक्टरांचं पत्र आलं की सुरतेचाच बरा होता. तीन टोकांना तीन सरकारं, आणि नाना मध्ये बसून त्याचा पुरेपूर फायदा घेताहेत. १७७७ला सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला, नानांनी त्याचा चांगला पाहुणचार केला, त्यावर पुण्यातला इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, मॉस्टिन अस्वस्थ. अमेरिकेमुळे फ्रान्स युद्धात उतरणार हे दिसत होतं, त्यामुळे मुंबईवाल्यांनी घाई केली आणि जानेवारी १७७९ला वडगावला येऊन अडकले.

आणि इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस. १९ ऑक्टोबर १७८१ला अमेरिकेत यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली (साहेब स्वतः आले नाहीत, तब्येत बरी नाही म्हणून तलवार द्यायला हाताखालचा पाठवला) तोच १७८६ला गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९१च्या मे महिन्यात टिपूवर गेला असताना श्रीरंगपट्टणजवळ त्याची रसद संपली, बैल मेले, जड तोफा स्वतःच फोडून मागे फिरायची वेळ आली, आणि तेवढ्यात समोरून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज आली, ते तेव्हा इंग्रजांचे दोस्त. मराठ्यांच्या छावणीबरोबर अख्खा बाजार चालायचा, धान्यापासून कापडापर्यंत सगळं. उपाशी गोरी पलटण त्या बाजारावर तुटून पडली, आणि आपल्या वाण्यांनी भाव असा लावला की इंग्रज अधिकारी त्याबद्दल लिहून ठेवायला विसरले नाहीत.